गाळलेल्या ओळी

पिंपळमाळ (येरमाळ्याजवळ)
शुक्रवार, २४ एप्रिल २०२०

ती. अक्कास, बब्रुवानचा शिरसाष्टांग नमस्कार.

मंगळवारी सकाळी मी काय केलं ते तू डोळ्यांनी पाहिलंस. तरी ते पुन्हा लिहितो. तुला कमी ऐकू येतं, आणि मी तोंडाला उपरणं बांधलेलं असल्यामुळं तुला माझे ओठही दिसले नाहीत. मी बोललो त्यातलं तुला काय कळलं असेल, देवीला ठाऊक.

सहा वाजता अंघोळ करून, देवीपुढं दिवा लावून मी शिवेवर गेलो. ग्रामपंचायतीनं समिती केली आहे आणि तिची पाळी लावली आहे. त्या दिवशी मी आणि शिवशरण होतो. म्हसोबाच्या लिंबापाशी आम्ही रस्त्यावर बाभळीचे फांदे टाकून वाट बंद केली आहे. बाहेरचं कुणी आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही. तेवढ्यात तुझ्या पोराची, कुलदीपची भाजीची गाडी आली आणि तू हातात पिशवी घेऊन खाली उतरलीस. शिवशरणनं शिट्टी मारली. मी दोन्ही हात वर केले. तुला वाटलं मी ये म्हणतोय. तू हसलीस आणि पदर सावरत काट्यापर्यंत आलीस.

मी म्हणत होतो, "अक्का, येऊ नको. बाहेरच्या माणसाला चौदा दिवस शाळेत ठेवायचा नियम आहे. तू तिथं कशी राहशील? आई बरी आहे. तापाची गोळी लागू पडली आहे. परत जा."

तू पिशवी काट्यावरून माझ्याकडं दिलीस आणि बराच वेळ तशीच उभी राहिलीस. मग गाडीत बसलीस. जळकोटपासून नव्वद किलोमीटर आलेली माझी थोरली बहीण, जिनं मला कडेवर घेऊन वाढवलं, तिला मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

नियम सगळ्यांना सारखा पाहिजे, असं मला वाटतं. सरपंचांनी मला समितीत घेतलं तेव्हा म्हणाले, "बब्रुवान कुणाशी भांडत नाही आणि कुणाला सोडतही नाही." मी तुला सोडलं असतं तर उद्या कुणाला अडवू शकलो नसतो. हे खरं आहे, तरी मला तीन दिवस जेवण गोड लागलेलं नाही.

आईचा ताप उतरला आहे. तू आली होतीस, हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं परत गेली, जिवाला जप म्हणावं." तुझ्या पिशवीतलं हुलग्याचं पीठ पोचलं. फोन तुला ऐकू येत नाही आणि पोरांच्या मोबाइलवर पाठवलेलं घरभर वाचलं जातं, म्हणून पत्र लिहिलं. तूही पत्रच लिही. आईला वाचून दाखवीन.

दाजींना नमस्कार.
तुझा
बब्रुवान


जळकोट
९ मे २०२०

चि. बब्रुवान यास सखूबाईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पंधरा दिवसांनी आलं. पोस्टमन दुरूनच पाकीट ओट्यावर टाकून पळाला, जसं काय त्यात इंचू हाय.

तू हात वर केलेस तवा मला खरंच वाटलं का तू ये म्हणतोस. मग शिवशरण दिसला. तोंड झाकलेलं, गळ्यात शिट्टी, हातात काठी. म्हणलं हे काय सोंग हाय? लहानपणी पाटात बुडत व्हता, तवा म्याच केस धरून वर काढला व्हता त्याला. तो मला काठी दाखवतो!

बब्रू, तुला बोल लावत न्हाय. पर तुमी सगळे लईच भ्यालात. आख्ख्या जिल्ह्यात चार माणसं आजारी आन तुमी गावाला कुपाटी घातली. इथं तर एकानं वाण्याच्या दुकानातनं आणलेल्या नोटा धुवून वाळत घातल्या. दाजी म्हणले, "इस्तरी पण करा." ते दिसभर हसत व्हते. आपल्या आजीच्या टायमाला पटकी आली, तवा लोक रानात जाऊन राहिले, पर लेकीला आईचं तोंड बघू दिलं न्हाय असं म्या कदी ऐकलं न्हाय.

परत जाताना तुळजापूरपतोर रडले. कुलदीप गाडी चालवीत व्हता. घाटात गाडी थांबवून पाणी दिलं त्यानं.

हे पुढचं आईला वाचून दाखव. आई, म्या आले व्हते. काट्यापतोर आले व्हते. तुला ताप व्हता आन म्या आत येऊ शकले न्हाय. मनाला लावून घेऊ नकोस. हुलग्याचं माडगं करून पी, तापानंतर तोंडाला चव येती. गोड लागलं का ते कळव.

भावजय दीपालीला आशीर्वाद.
सखूबाई


पिंपळमाळ
३० मे २०२०

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती दोन वाट्या माडगं प्याली. तिचा निरोप असा: "सखूला म्हणावं, सुखी राहा. देवी तुझ्या घराचं रक्षण करो."

बाभळीचे फांदे आम्ही मागच्या सोमवारी काढले. आता त्यांचं सरपण झालं. गावात एकही माणूस आजारी पडला नाही. पारावर लोक म्हणतात, काट्यामुळं वाचलो. काही म्हणतात, रोग येणारच नव्हता, उगाच महिनाभर एकमेकांची तोंडं चुकवली. मी दोन्ही बाजूंचं ऐकतो आणि मला दोन्ही पटतं. जे झालं नाही ते कशामुळं झालं नाही, हे कुणाला कसं कळणार? पाऊस आला नाही तर छत्री वाया गेली म्हणावं का? मग तुला परत पाठवलेली आठवते, आणि हा सगळा विचार तिथंच थांबतो.

शिवशरणला तुझ्या पाटातल्या आठवणीचं सांगितलं. तो लाजला. म्हणाला, "अक्काला म्हणावं, शिट्टी मारली ती माझी चूक. पण काठी मी वर केली नव्हती."

दिवाळीला ये. भाऊबीज इथंच कर.
तुझा
बब्रुवान


जळकोट
२५ नोव्हेंबर २०२०

चि. बब्रुवान यास आशीर्वाद.

दिवाळीहून नीट पोचले. दीपालीनं दिलेल्या करंज्या वाटंतच संपल्या, कुलदीपनं एक पण ठेवली न्हाय.

एक इचारायचं राहिलं. तिथं तोंडानं इचारता आलं न्हाय, म्हणून कागदावर इचारते. आईला माझा राग आला हाय का?

दोन दिस व्हते, ती माझ्याशी धड बोलली न्हाय. म्या पाय चेपायला बसले तर पाय काढून घेतले. डोक्याला तेल लावते म्हणलं तर "दीपाली लावती" म्हणली. मला कमी ऐकू येतं आन तिचा आवाज गेलेला. तरी माणसाचं तोंड वाचता येतं की. तिचं तोंड माझ्याकडं नव्हतं. म्या मनात म्हणलं, तिला वाटत असंल का सखू काट्याला भ्याली. काटे तुडवीत यायचं व्हतं, गाडीत बसून परत गेली. तिच्या जागी म्या असते तर मलाबी तसंच वाटलं असतं.

आन तू! दोन दिस आमच्या दोघींच्या मधून हललाच न्हाईस. चहा तूच आणायचास, पाणी तूच आणायचास. दीपाली म्हणली, "आज यांना झालंय तरी काय?" एवढा माझ्यासाठी झुरला व्हतास व्हय रं?

निरोप लिही.
सखूबाई


पिंपळमाळ
१२ फेब्रुवारी २०२१

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तुरीची रास आणि शिवशरणच्या लेकीचं लग्न, यात दिवस गेले.

लग्न काय थाटाचं झालं! चारशे पान उठलं. मागच्या वर्षी ज्यानं शिवेवर शिट्टी मारली, त्याच शिवशरणनं यंदा सगळ्या गावाला आणि दहा गावच्या पाहुण्यांना मांडीला मांडी लावून बसवलं. मी पंगतीत बुंदी वाढली. तोंडाला काही बांधलं नव्हतं. दोघं-तिघं खोकत होते, तर बाकीचे म्हणाले, "धुळीचा खोकला." मीही हसलो. येरमाळ्याच्या बाजारात आता कुणी मास्क घातला तर लोक विचारतात, दाढ दुखतीय का? वर्षभरात गावाची भीती अशी विरून गेली की, मागच्या उन्हाळ्यात आपणच होतो का ते, अशी शंका येते.

एक बातमी सांगायची आहे. कशी सांगावी कळत नाही. आईनं काल जाहीर केलं की चैत्री पुनवेला ती देवीची परडी दीपालीला देणार.

आपल्या घरात परडी लेकीकडं जाते, सुनेकडं नाही, हे तुला मी काय सांगू. आईला तिच्या आईनं दिली, आणि आईनंतर ती तुझी, हे तू सात-आठ वर्षांची असल्यापासून ठरलेलं. मंगळवारी-शुक्रवारी आईच्या मागं पाच घरी जोगवा मागत तूच फिरायचीस. मी आईला म्हणालो, अक्काचं काय? ती म्हणाली, "माझं ठरलं." दीपालीनं तर तोंडात पदर घातला. रात्री मला म्हणाली, "ताईंची परडी माझ्या हातात देऊ नका. मला झोप लागायची नाही."

तू मनाला लावून घेऊ नकोस. म्हातारं माणूस आहे. तिचा निरोप: "सखूनं समजून घ्यावं. तिचं घर लांब आहे. देवी तिचं कल्याण करो."

तुझा
बब्रुवान


जळकोट
३ मार्च २०२१

चि. बब्रुवान यास आशीर्वाद.

पत्र चारदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा पण रडले. तिसऱ्यांदा डोळे पुसून वाचलं. चौथ्यांदा मागची सगळी पत्रं काढून शेजारी मांडली.

बब्रू, हे आईचे निरोप आईचे न्हाईत.

"देवी घराचं रक्षण करो." "कल्याण करो." आई असं कदी बोलती? माझ्या लग्नाला छत्तीस वर्सं झाली. आईचा निरोप कुणाकडनं बी आला तर पयला सवाल म्हशीचा. म्हस किती देती, गाभण हाय का, पेंड कुठली घालता. मग जावयाचा. मग पोराचा. शेवटी माझा, त्यो बी "बरी हाय न्हवं?" एवढाच. तुझ्या एका बी पत्रात म्हस न्हाय. हे निरोप मास्तरानं लिहिलेले हायेत. आन त्या घरात मास्तरासारखं लिहिणारा एकच माणूस हाय.

म्या आले व्हते हे तू तिला सांगितलं न्हाईस.

दिवाळीला तू मधून का हलत नव्हतास, ते आत्ता कळलं. म्या येडी म्हणत व्हते, भाऊ झुरला.

खरं काय ते लिही. चार ओळी लिही, पर खऱ्या लिही. म्या तुला कदी मारलं न्हाय, आत्ता बी मारणार न्हाय.

सखूबाई


पिंपळमाळ
२२ मार्च २०२१

ती. अक्कास.

होय. मी तिला सांगितलं नाही.

त्या मंगळवारी मी तुला म्हणालो, आई बरी आहे. ती बरी नव्हती. ताप डोक्यात गेला होता आणि रात्रभर ती तुझंच नाव घेत होती. मी पहाटे उठून शिवेवर गेलो तेव्हाही घेत होती. तुला हे कळलं असतं तर तू काट्यातून आली असतीस. म्हणून खोटं बोललो. तुला परत पाठवून घरी आलो तर ती म्हणाली, "सखू आली का?" मी म्हणालो, गाड्या बंद आहेत, येता येत नाही. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "भाजीच्या गाड्या चालू हायेत. कुलदीपची गाडी हाय. यायचं असतं तर आली असती."

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. पण सांगितलं असतं तर ती तापात उठून शिवेकडं चालत गेली असती, असं मला वाटलं. दोन दिवसांनी ताप उतरला. तेव्हा सांगू म्हटलं, तर तिला पाणी पाजताना जीभ वळली नाही. मग आठवडा गेला. मग महिना. शिवशरणला मी गप्प राहायला सांगितलं होतं, गाडी आलेली दुसऱ्या कुणी पाहिली नव्हती. तुझ्या पत्रातलं "आई, म्या आले व्हते" हे मी वाचलंच नाही. त्याऐवजी तुमच्याकडच्या पावसाचं काहीबाही सांगितलं.

आणखी एक. माडगं ती प्यालीच नाही. तुझी पिशवी आम्ही लिंबाखाली ठेवली, आणि बाहेरची वस्तू म्हणून शिवशरणनं तिच्यावर फवारणीच्या पंपानं औषध मारलं. आत पीठ आहे हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. पिठाचा गोळा झाला. मी तो बांधावर पुरला. अन्न टाकताना हात जोडले, एवढंच.

मी रोज देवीपुढं बसतो. वर्षभर बसतोय. तिच्यापुढं डोळे मिटले की बाहेरून आईचा खोकरा आवाज येतो आणि मी डोळे उघडतो.

मी सांगणार आहे. मला थोडे दिवस दे.

बब्रुवान


जळकोट
५ एप्रिल २०२१

चि. बब्रुवान,

आशीर्वाद लिहिला न्हाय. मुद्दाम न्हाय लिहिला.

वर्स झालं रं. एक वर्स माझी आई म्हणत बसली का लेक आली न्हाय, आन म्या म्हणत बसले का आई रुसली. दोन म्हाताऱ्यांना तू दोन कोपऱ्यांत बसवून मधून चहा देत फिरलास. तुला पाटात सोडून द्यायला पायजे व्हतं, शिवशरणला उगाच काढलं, असं दाजी म्हणत्यात. म्या न्हाय म्हणत. म्या मनात म्हणते.

आत्ता ऐक. तुझे थोडे दिवस म्या वळखते. पुनव सत्तावीस तारखेला हाय, मंगळवार हाय. म्या पुनवेला येते. माझं तोंड, माझी आई. म्याच सांगीन, सगळ्यांदेखत. परडीचं काय करायचं ते मग तिचं ती ठरवील. परडी न्हाय दिली तरी चालंल, पर "आली न्हाय" हे घेऊन तिला जाऊ देणार न्हाय.

इथं रोग वाढलाय म्हणत्यात. मागल्या वर्षी पण म्हणत व्हते. बस चालू हाय.

सखूबाई


पिंपळमाळ
१७ एप्रिल २०२१

ती. अक्का,

हे पत्र कुलदीपच्या ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर देतोय, पोस्टानं वेळेत पोचणार नाही.

येऊ नको.

मला ठाऊक आहे हे तुला कसं वाटेल. पण या वेळी मी शिवेवर उभा नाही आणि कुणाच्या नियमानं बोलत नाही. आपल्या गल्लीत पाच घरांत माणसं पडली आहेत. शिवशरणला परवा दवाखान्यात नेलं. त्याला खाट मिळायला सबंध दिवस गेला. तुला साखर आहे, आईचं वय अठ्ठ्याहत्तर. तू आईकडं रोग आणशील की आई तुला देईल, हे कुणालाच सांगता येत नाही.

मागच्या वर्षी रोग नव्हता तेव्हा आम्ही काटे लावले. यंदा तो दारात आहे, आणि कालही इथं एक साखरपुडा झाला. आम्ही भ्यालो ते चुकीच्या वेळी भ्यालो, आता धीट झालो तेही चुकीच्या वेळी. मी पंगतीत वाढत होतो, मला दुसऱ्याला बोलायचा हक्क नाही.

पण तू येऊ नको, अक्का. पाया पडतो.

बब्रुवान


जळकोट
२० एप्रिल २०२१

बब्रू,

ट्रकवाला थांबलाय, दोनच ओळी लिहिते.

हे दुसऱ्यांदा. बरं. न्हाय येत. इथं पण समोरच्या घरचा धडधाकट माणूस गेला, दाजींचा दोस्त. गेल्या वर्षी नोटांना इस्तरी करा म्हणून हसले व्हते, आता दार लावून बसलेत. म्या बी बसले.

पर पुनवेला म्या आले न्हाय, तर आईला तू काय सांगणार? परत गाड्या बंद हायेत?

सखू


पिंपळमाळ
३० एप्रिल २०२१

ती. अक्कास, बब्रुवानचा शिरसाष्टांग नमस्कार.

शिवशरण गेला. तेवीस तारखेला. गावात आणलं नाही, तिकडंच सगळं उरकलं. चारशे माणसांना जेवू घालणाऱ्याला चौघांनी पोचवलं. त्या चौघांतलं ओळखीचं कुणी नव्हतं.

दवाखान्यात नेलं त्या दिवशी तो गाडीत बसायच्या आधी मला लांबूनच म्हणाला, "बब्रू, म्हातारीला सांगितलंस का?" मी नाही म्हणून मान हलवली. तो म्हणाला, "मग माझ्या नावावर सांग. शिवशरणनं शिट्टी मारली, शिवशरणनं परत लावलं म्हण. मी काय, बरा होऊन येईन आणि चार शिव्या खाईन म्हातारीच्या." त्याला धाप लागली होती, तरी हसला.

तो गेल्यावर मला रोज वाटायचं, त्याच्या नावावर सांगावं. आता तर तो शिव्या खायलाही नव्हता. किती सोपं होतं. तीन दिवस मी ते वाक्य मनात जुळवत होतो. सोमवारी देवीपुढं बसून जुळवलं, आणि तिथं ते जुळेना.

मंगळवारी पुनव. देऊळ बंद, यात्रा नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आईनं पहाटे अंघोळ केली. परडी धुवून, हळद-कुंकू लावून, कवड्यांची माळ त्यात ठेवली. दीपालीसाठी पाट मांडला. दीपाली पाटावर बसली, पण तिनं पदर पुढं केला नाही. ती माझ्याकडं बघत होती. आई म्हणाली, "पदर कर की गं. का मला उचलंना होईपतोर थांबतीस?"

मी म्हणालो, "आई, थांब. मागच्या वर्षी तुला ताप होता तेव्हा अक्का आली होती."

आईनं विचारलं, "कवा?"

"मंगळवारी, सकाळी."

"कुठवर आली व्हती?"

"म्हसोबाच्या लिंबापर्यंत. काट्यापर्यंत."

"म्या काय करीत व्हते?"

"तिचं नाव घेत होतीस."

"आन काट्यापाशी कोण व्हतं?"

इथं शिवशरणचं नाव माझ्या ओठापर्यंत आलं, अक्का. तुला खोटं लिहिणार नाही. आलं होतं.

"मी होतो," म्हणालो. "मीच परत लावली. नंतर तुला गाड्या बंद आहेत म्हणून सांगितलं. तिची पत्रं आली ती अर्धीच वाचली. आज पण ती येणार होती, मीच येऊ नको म्हणालो."

तिनं परडी दोन्ही हातांनी उचलली आणि देवीपुढं परत ठेवली. "दीपाली, ऊठ," म्हणाली. दीपाली उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायला लागली, मोकळं झाल्यासारखी.

मग आई मला म्हणाली, "तिला परत लावलीस ते बरं केलंस का वाईट केलंस, ते माझ्यासारखीला कळायचं न्हाय. देवीला ठाव. आज येऊ नको म्हणलास, ते बरंच केलंस. पर मला सांगितलं न्हाईस, हे वाईट केलंस. म्या वर्सभर माझ्या लेकराला मनात नावं ठेवली. हे पाप कुणाचं?"

मी म्हणालो, माझं.

"काढ ती पत्रं."

मी सगळी पत्रं काढली. पहिल्यापासून वाचली. तू तुळजापूरपर्यंत रडलीस तिथं तिनं हात वर करून थांबायला सांगितलं, नाक शिंकरलं, मग म्हणाली, "पुढं." माझी पत्रं माझ्याकडं नव्हती, पण तुझ्या उत्तरांतून ती सगळी कळत होती. जिथं तू म्हणतेस की हे निरोप मास्तरानं लिहिलेत, तिथं तिनं उंबऱ्याजवळची चप्पल उचलून मला मारली. लागली नाही. मग हसली. पिठाचं मी तोंडानं सांगितलं, ते ऐकल्यावर मात्र तिचं तोंड उतरलं. "लेकीच्या हातचं अन्न बांधावर पुरलं," एवढंच म्हणाली, आणि दिवसभर जेवली नाही.

आज शुक्रवार. तीन दिवस ती माझ्याशी बोलत नाही. पाणी दीपालीच्या हातचं घेते. मी दारात उभा राहिलो की तोंड फिरवते. हे माझ्या वाट्याचं आहे, आणि खरं सांगू, वर्षभराच्या तिच्या गोड बोलण्यापेक्षा हे मला सोसतं. तिच्याकडं बघता येतं. दिव्यापुढं बसलो की आता डोळे मिटलेले राहतात.

तिचा निरोप लिहितो. तिनं दीपालीकडून सांगून पाठवला, मी दाराबाहेर बसून उतरून घेतला. एक अक्षर माझं नाही:

"सखे, परडी तुजीच हाय. ती कुटं जात न्हाय आन म्या बी आत्ता मरत न्हाय, मला अजून लई जणांचं उणंदुणं काढायचं हाय. तू काट्यापतोर आलीस, मला पोचलीस. दिवाळीला पाय वडून घेतले ते माफ कर, न्हाय केलंस तरी म्या आईच हाय. पर आत्ता येऊ नकोस. रोग हटला का मग ये. त्याच्या आदी आलीस तर म्या सोता बाभळी तोडून आडवी बसंन. सुई देत्यात ती जावयाला घेऊन पयली टोचून घे. म्या आन दीपाली सोमवारी जातो येरमाळ्याला. बब्र्याला बी नेणार, पर त्यानं मागं बसायचं."

दाजींना नमस्कार. कुलदीपला म्हणावं, घाटात पाणी दिलंस ते आजीला सांगितलं.

पत्र इथवर लिहून झाल्यावर मी आत गेलो. आई भिंतीकडं तोंड करून बसली होती. मी उंबऱ्यापाशी बसून हे पत्र तिला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. शिवशरणचं नाव ओठापर्यंत आलेलं वाचलं, चप्पल वाचली, तिनं तोंड फिरवलेलंही वाचलं. काही गाळलं नाही. शेवटी तिनं न वळताच विचारलं, "झालं?"

मी म्हणालो, झालं.

म्हणाली, "मग घाल पाकिटात."

तुझा
बब्रुवान